त्याच मापाचा फोटो

माझं काम काय असं कोणी विचारलं आणि मी सांगितलं, की माणूस आधी हसतो. "म्हणजे घर विकायच्या आधी तुम्ही ते आवरून देता? एवढंच?" हो, एवढंच. ज्याला घर विकायचंय त्याच्याकडं मी जाते, गिऱ्हाईक यायच्या आधी ते घर बघण्यासारखं करते आणि माझी मजुरी घेऊन परत येते. सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात बरीच वर्षं हे काम केलं. आता कंबर ऐकत नाही म्हणून कमी केलंय. मूळची मी पडदे शिवणारी. ज्यांचे पडदे शिवले त्यांतल्या एकीचं घर काही केल्या विकेना. "नुसतं येऊन बघा तरी," म्हणून तिनं मला बोलावलं. मी दिवसभर राबून ते घर मोकळं केलं आणि पुढच्याच गिऱ्हाइकानं ते घेतलं. तिथून दलालांच्या तोंडी माझं नाव झालं.

हे लिहिताना मी रागात आहे, ते आधीच सांगून टाकते. "राग निवला की लिही," असं आमचे हे म्हणाले. मी वाट बघितली. तो निवेना. मग म्हटलं, असू दे तसाच आणि लिहू.

पण आधी काम समजून घ्या.

घर विकायला काढलेल्या माणसाला स्वतःचं घर दिसतच नाही. डोळे सरावलेले असतात. दारामागं अडकवलेल्या पिशव्या, फ्रिजवर औषधांचे डबे, भिंतीवर पतसंस्थेची कॅलेंडरं एकावर एक, जुनी काढायची कुणालाच आठवण नाही. मी घरात शिरले की डोळ्यांआधी नाक वापरते. प्रत्येक घराला वास असतो आणि तो फक्त घरातल्यांनाच येत नाही. कुठं फोडणीचा, कुठं कुबटलेल्या गाद्यांचा, कुठं मोरीचा. तो गेल्याशिवाय रंग मारून काही उपयोग नाही. मग नळ. गिऱ्हाईक हॉलमध्ये बसून गप्पा मारत असतं, पण कान आतल्या टपटपीकडं असतात आणि मनात येतं, इथं अजून काय काय गळत असेल. मग बिजागऱ्यांना तेल, स्विचबोर्डांवरचे बोटांचे काळे डाग, सगळ्या खोल्यांत एकाच रंगाचा उजेड. कपाटं निम्मी रिकामी करायची, कारण येणारी बाई कपाट उघडतेच उघडते. ते गच्च दिसलं की तिला वाटतं, घरात जागा कमी. आदल्या दिवशी सुकट भाजायचं नाही. पितृपंधरवड्यात बघायला कुणी फिरकत नाही, ते दिवस मी रंगकामाला ठेवते.

बघायला येणारे तर एकेक नमुने. पुरुष पार्किंग आणि पाण्याची टाकी बघतात, बायका स्वयंपाकघर आणि धुणं वाळत घालायची जागा. हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलात होकायंत्र असतं, ते हातात धरून माणसं बाथरूममध्ये गोल फिरतात. महाबळेश्वराकडचे एक हॉटेलवाले आले होते. तिकडच्या पावसात त्यांचं सगळं आयुष्य ओल पुसण्यात गेलेलं. बोलले काहीच नाहीत. भिंतीला नाक लावून सगळ्या घरातून फिरले, एका कोपऱ्यात थांबले आणि म्हणाले, "इथं." पलीकडं खरंच गळकी मोरी होती. सांगलीत एक म्हातारे गृहस्थ हॉलच्या फरशीवर उताणे झोपले आणि सुनेला म्हणाले, "जरा गप बसा. हितं झोप येतीय का बगतो." आली. घोरायला लागले. ते घर त्यांनी घेतलं.

सांगलीतच मला या कामाची दुसरी बाजूही दिसली. महापुरानंतर नदीकडची काही घरं विकायला निघाली. त्यातल्या एका घरात भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या डोक्याच्या वर. रंग मारला तरी ती पुन्हा उमटायची. मालक म्हणाले, "तेवढं प्लायवूडनं झाकून टाका की, डिझाइन केल्यासारखं." मी म्हटलं, पसारा हलवणं माझं काम आहे, पाणी कुठवर आलं होतं ते लपवणं माझं काम नाही. "तुमाला काय करायचंय? तुमी इकत घेताय व्हय?" असं म्हणून ते अंगावर आले. मी माझी बादली-ब्रश उचलला आणि निघून आले.

तेव्हा मला वाटायचं, आमच्या कामातली लपवाछपवी म्हणजे ओल, तडे आणि पुराची रेघ. माणूस लपवायला सांगतात, हे मला कांबळे सिस्टरांच्या घरी कळलं.

कांबळे सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. साताऱ्यात गावाबाहेरच्या एका कॉलनीत त्यांचं छोटंसं दुमजली घर. मिस्टर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी नाशिकला बँकेत. सिस्टरांच्या गुडघ्यांना जिना झेपेना, मुलगी "माझ्या जवळ या" म्हणून मागं लागलेली, म्हणून घर विकायला काढलं. दिलीप नावाच्या दलालानं मला त्यांच्याकडं नेलं.

मी आत गेले आणि पहिल्यांदाच मला वाटलं, इथं माझं काम काय? पलंगावरची चादर अशी ताणून खोचलेली की नाणं टाकलं तर उडेल. घराला वास एकच, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा कट्टा, नेहमीपेक्षा जरा उंच. "ड्यूटीवरून आले की कंबर वाकायची नाही," सिस्टर म्हणाल्या, "म्हणून गवंड्याला समोर उभं करून माझ्या मापानं बांधून घेतला. मिस्टर म्हणायचे, हा कट्टा आहे की ऑपरेशन टेबल?" वरच्या गॅलरीतून अजिंक्यतारा समोर. हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाचा मोठा, फ्रेम केलेला फोटो. गेटवर पितळी पाटी, तिच्यावर नवरा-बायकोची नावं आणि खाली ठळक 'कांबळे'.

मी जड पडदे उतरवले, माळ्यावरचं सामान कमी केलं, पुस्तकांचे खोके बांधले. सिस्टर मागं उभ्या राहून सूचना देत होत्या. "ते बांधू नका, ते वाचतेय मी. ती बरणी तिथं नाही, उन्हात ठेवू नका लोणचं." दोन बायका एकमेकींच्या कामातल्या चुका काढत काम करतात तेव्हा मैत्री लवकर होते. संध्याकाळी त्यांनी मला थालीपीठ करून घातलं आणि मी त्यांच्यासाठी सुनंदाताईची सुनंदा झाले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतलं एक जोडपं. बाई गॅलरीत गेली आणि तिथंच रमली. "अहो, इथं झोपाळा लावता येईल," असं नवऱ्याला ओरडून सांगितलं. ज्या बाईच्या तोंडून अशी वस्तू कुठं लावायची ते निघतं, तिनं मनात घर घेतलेलं असतं, हे मी अनुभवानं सांगते. खाली आले. हॉलमध्ये नवऱ्याची नजर फोटोवर गेली. फोन आल्यासारखं करून तो बाहेर गेला, आणि मी खिडकीतून बघितलं, गेटजवळ उभा राहून तो पाटी वाचत होता. आत आला आणि म्हणाला, "विचार करून कळवतो." बाई अजून झोपाळ्यातच होती. तिला दंडाला धरून नेलं.

दुसरे जरा वयस्कर गृहस्थ. सोफ्यावर ऐसपैस बसले. "तुम्ही कुठले?"

"सातारचेच," सिस्टर म्हणाल्या.

"तसं नाही. म्हणजे मूळचे?"

"आम्ही बौद्ध आहोत. तेच विचारायचंय ना?"

"छे छे, तसं काही नाही हो," म्हणत ते हसले आणि घड्याळ बघितलं. समोर चहा ठेवलेला होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. ते गेल्यावर कपात साय धरली होती. सिस्टरांनी तो कप उचलला, बेसिनमध्ये ओतला आणि नळ पूर्ण सोडून कितीतरी वेळ विसळत राहिल्या. तिसरं गिऱ्हाईक तर गेटच्या आतच आलं नाही. पाटी वाचून गाडीतूनच हात केला.

नंतर एका सकाळी दिलीप छोटा टेम्पो घेऊन आला. मी तेव्हा तिथंच होते, मागच्या दाराला रंगाचा हात देत. टेम्पोतून त्यानं सिमेंटचं तयार तुळशीवृंदावन उतरवून घेतलं आणि अंगणात मधोमध ठेवलं.

"हे काय?" सिस्टरांनी विचारलं.

"सिस्टर, रागवू नका. मी धंद्याचं बोलतो," दिलीप म्हणाला. "घर लय भारी हाय. पर गिऱ्हाईक टिकंना. तर काय करूया, गेटवरची पाटी काढूया. गिऱ्हाईक येईल तवा तुमी शेजारी जाऊन बसा. ह्या वहिनी घर दाखवतील. मालक परगावी असत्यात म्हणायचं. आन् हॉलमधला फोटो तेवढा..."

"फोटो तेवढा काय?"

"काढूया. थोडं दिवस."

सिस्टर शांत होत्या. दवाखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. "दिलीप, आम्ही राहायला आलो तेव्हापासून तो फोटो तिथं आहे. काढलास तर भिंतीवर चौकोन दिसेल. आजूबाजूचा रंग उडालाय."

"त्याची काळजी न्हाई," दिलीप उत्साहानं म्हणाला. "त्याच मापाचा गणपतीचा आणलाय मी. गाडीत हाय."

हे वाक्य मी कधी विसरेन असं मला वाटत नाही. त्याच मापाचा. माप घेऊन गेला होता तो. म्हणजे मागच्या खेपेला चहा पिता पिता त्यानं भिंतीकडं बघून अंदाज घेतला असणार.

"आणि सह्या करताना?" सिस्टरांनी विचारलं. "तिथं नाव माझंच येणार ना? का तिथंही दुसरी बाई उभी करणार आहेस?"

"तवर माणसाचं मन घरात अडकलेलं असतंय वो. मग माणूस मागं सरत न्हाई."

माझ्या हातातला ब्रश मी डब्यात टाकला आणि अंगणात गेले. "दिलीप, ते वृंदावन उचल."

"आवं वहिनी, तुमी कशाला मधी? तुमचं तरी काय निराळं काम हाय? गिऱ्हाइकाला नको ते नजरंआड करायचं."

"पिशव्या नजरेआड करते मी. माणसं नाही."

"तुमच्या-माझ्या म्हणण्यानं जग बदलतंय व्हय?"

"उचल म्हटलं ना!"

माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या बाई गच्चीवर आल्या. दिलीपनं टेम्पोवाल्याला खूण केली. वृंदावन चढवताना तो पुटपुटत होता, "घर इकायचं का भांडायचं, ते तरी ठरवा."

आणि दिलीप वाईट माणूस नाही. हे लिहिताना मला जास्तच राग येतो. त्याच्या आईची शुगर सिस्टरच तपासायच्या. त्यांच्या घरात तो "सिस्टर, चहा टाका" म्हणून हक्कानं बसायचा. त्याला स्वतःला काही अडचण नव्हती. फक्त बाकीच्या जगाला अडचण आहे हे त्यानं इतकं गृहीत धरलं होतं, की गणपतीचा फोटो आणणं म्हणजे गळक्या नळाला वायसर आणण्यासारखंच त्याला वाटत होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. अशा चांगल्या माणसाचं काय करायचं?

त्या दिवशी मी तावात होते. ब्रासोचा डबा काढला, पाटी घासून लखलखीत केली आणि सिस्टरांना म्हटलं, "फोटोवर उजेड सोडायला एक दिवा आणते. दारातून शिरल्या शिरल्या दिसला पाहिजे. बघायचं त्याला बघू दे."

सिस्टरांनी मला खाली बसवलं. "सुनंदा, तू माझ्या बाजूनं भांडलीस, बरं वाटलं. पण तो फोटो मी कुणाला दाखवायला लावलेला नाही. सकाळी उठल्यावर मला बघायला लावलाय. तो आहे तिथं, आहे तसा राहू दे. दिवा नको आणि पडदाही नको."

माझ्या रागालाही कुणीतरी आवरायला पाहिजे होतं, ते त्यांनी केलं.

मग प्रतापराव आणि मनीषा आले. खंडाळा तालुक्यातलं कुटुंब. जमीन कारखान्यांसाठी गेलेली, मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्यात यायचं ठरवलेलं. प्रतापराव दिलखुलास. गेटवर थांबून त्यांनी पाटी वाचली, मोठ्यानं वाचली, आणि आत येऊन सिस्टरांना वाकून नमस्कार केला. हॉलमध्ये फोटोसमोर क्षणभर हात जोडले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी लगेच चहाचं आधण ठेवलं.

मनीषाला कट्टा फार आवडला. दोन्ही हातांनी तिनं त्यावरून हात फिरवला. "किती गार आहे. आणि उंची बघा, माझी पाठ दुखायचीच नाही." सिस्टरांनी तिला कुठल्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं, कढीपत्त्याच्या झाडाला किती पाणी घालायचं, उन्हाळ्यात टाकी कधी भरून ठेवायची, सगळं सांगितलं. चहा झाला. दोघांनी घेतला. प्रतापरावांनी तर दुसरा मागितला.

उठताना प्रतापराव आपण होऊन म्हणाले, "सिस्टर, दलालानं आम्हाला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, घर अमक्यांचं आहे म्हणून. मी त्याला म्हटलं, मला घर घ्यायचंय, जात नाही. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत."

ती दोघं गेल्यावर सिस्टर खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "बघ," म्हणाल्या, "असतात माणसं."

व्यवहार झाला. सिस्टर निघाल्या त्या दिवशी मीही गेले होते. सामान गेल्यावर त्यांनी रिकामं घर स्वतः पुसून काढलं. मी म्हटलं, "आता कशाला? नवे लोक पुसतील की." तर म्हणाल्या, "पेशंट डिस्चार्ज झाला की बेड आपण स्वच्छ करून देतो. पुढच्याला आधीच्याचं काही दिसायला नको." फोटो त्यांनी स्वतः उतरवला आणि मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. तो मागं डिकीत ठेवू दिला नाही.

काही आठवड्यांनी मनीषाचा मला फोन आला. "ताई, आम्ही राहायला येतोय. पडदे करायचेत. माप घ्यायला याल?"

आनंदानं गेले. गेटवर नवी पाटी होती, ते ठीकच. गेटच्या आत डाव्या हाताला राडारोड्याचा ढीग पडला होता. ढिगातून काळी कड दिसत होती. ग्रॅनाइट. जवळ जाऊन बघितलं. कट्टाच होता तो, घणानं फोडलेला. त्याच्या शेजारी स्वयंपाकघरातल्या फरश्या, सिंक, मागच्या मोरीच्या टाइल्स. आत गेले. हॉल होता तसा होता, खोल्या होत्या तशा होत्या. जिथं अन्न शिजतं आणि जिथं पाणी वापरतात, तेवढंच मुळापासून उखडलं होतं. नवा कट्टा बांधून होत आला होता. तोही काळ्याच ग्रॅनाइटचा होता.

"कट्टा का फोडला?" मी विचारलं.

"उंची जमत नव्हती," मनीषा म्हणाली.

मी नव्या कट्ट्याला टेप लावला. "उंची तेवढीच आहे, मनीषा."

ती गोरीमोरी झाली. मग दाराकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "काय सांगू ताई. सासूबाई ऐकेनात. चूल तरी आपली पाहिजे म्हणाल्या. सगळीकडं गोमूत्र शिंपडून घेतलं, वास्तुशांत केली, मग त्यांनी आत पाऊल टाकलं. आता तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही आपल्यातल्याच. समजून घ्याल."

आपल्यातल्याच. मी घाम गाळून त्या घराचा माळा मोकळा केला, मागच्या दाराला रंग दिला, ते घर आवडावं म्हणून जेवढं येतं तेवढं सगळं केलं. त्याचं मला हे बक्षीस, की मी आपल्यातली.

"तू त्यांच्याकडं चहा घेतला होतास," मी म्हटलं.

"घेतला की. बाहेर माणूस घेतोच. घरात वेगळं असतं."

"ते पण घरच होतं. त्यांचं."

तिला ते कळलंच नाही. खरंच कळलं नाही, ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी टेप गुंडाळला. "पडदे मला जमणार नाहीत."

"का हो ताई? असं काय करता?"

"मी तुमच्यातली नाही, म्हणून."

दारात प्रतापराव भेटले. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण मान खाली होती. "वहिनी, बायकांचं असतं हो काहीतरी. आई जुन्या वळणाची. मी नको म्हणत होतो."

"नको म्हणत होतात," मी म्हटलं, "मग गवंडी कुणी आणला? घण मारायला माणूस तुमच्या आईनं शोधला का?"

मी ढिगाला वळसा घालून बाहेर पडले. रिक्षाची वाट न बघता चालत सुटले आणि पोवई नाक्यापर्यंत येईतो मला ऊन लागल्याचंही कळलं नाही.

दिलीपला फोन केला. कुणावर तरी ओरडायचं होतं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आवं वहिनी, घर इकलं का न्हाई? सिस्टरांना पोरीजवळ जायचं हुतं, गेल्या का न्हाई? मग झालं तर. त्यांच्या कट्ट्याचं ते बगतील." मी फोन आपटला. त्याच्याबरोबर नंतर काम केलं नाही. त्याचं काही अडलं नाही, माझंही नाही. जगाचं तर मुळीच नाही.

आमचे हे म्हणाले, "दुसऱ्यानं विकत घेतलेलं घर, तो फोडेल नाहीतर रंगवेल. तू कशाला जेवण सोडतेस?" कायद्यानं त्यांचं बरोबर आहे. म्हणूनच तर राग कुठं ठेवायचा कळत नाही. पोलिसात जाण्यासारखं काही घडलेलं नाही. कुणी कुणाला शिवी दिली नाही. नमस्कार केला, दोन-दोन कप चहा प्यायले, हसत व्यवहार केला आणि मग घण आणला. चहा न पिता उठून गेलेला तो म्हातारा मला आता बरा वाटतो. निदान त्यानं आम्हाला आशेला लावलं नाही.

सिस्टरांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्यांचाच फोन आला. नाशिकच्या हवेबद्दल बोलल्या, नातवाबद्दल बोलल्या, मग विचारलं, "तू गेली होतीस का गं आपल्या घराकडं? कढीपत्ता जगला का?"

"जगलाय," मी म्हटलं. ते खरं होतं. झाड त्यांनी तोडलं नव्हतं.

"आणि कट्टा?"

मी परत कढीपत्त्याचंच सांगायला लागले. तेवढ्यावरूनच त्यांना कळलं.

"फोडला ना?" सिस्टर म्हणाल्या. "मुलगी म्हणाली होती मला. आई, ते आत गेले की सगळ्यात आधी स्वयंपाकघर फोडतील. मी तिच्याशी भांडले. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. म्हटलं, सगळ्यांना एकाच मापानं मोजू नकोस, प्रतापराव तसले नाहीत." पलीकडं कुकरची शिट्टी झाली. "आता तिची माफी मागायला लागेल," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हे लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांना विचारलं. परवानगीशिवाय लिहिणार नव्हते.

"लिही," सिस्टर म्हणाल्या. "माझं नाव नको. आडनाव मात्र घाल. आडनावामुळंच झालंय सगळं, ते गाळून काय लिहिणार?"

"बरं."

"आणि एक सांगते. शेवटी सिस्टर हसल्या, असं लिहू नकोस. त्यांनी मोठ्या मनानं माफ केलं, त्यांना कुणाबद्दल कटुता नाही, असलं काही लिहू नकोस. आमच्याबद्दल लिहिताना लोकांना ते फार आवडतं. मी माफ केलेलं नाही. तो कट्टा मी नाइट ड्यूट्या करून बांधला होता. मला राग आलाय, आणि तो जाणार नाही. एवढं लिहिशील?"

लिहिते, म्हटलं.